तोंडाला डांबर फासा आणि ओढ्यात उतरा

आधी तोंडाला हे फासा. काळं आहे, चिकट आहे, नाक मुरडू नका. तीन भाग पाइनचं डांबर, दोन भाग एरंडेल, एक भाग पेनीरॉयलचं तेल, मंद आचेवर शिजवलेलं. ‘नेसमुक’ या टोपणनावाने लिहिणाऱ्या एका रानभटक्याने 1884 साली छापलेली ही कृती. लहानपणी एरंडेल पोटात गेलं, आता गालांवर जाऊ द्या. नाही लावलंत तर काळ्या माश्या कानामागे, मानेवर, कॉलरच्या आत शिरून फोडून काढतील. आणि धुवायचं नाही! थर जितका मुरेल तितका बरा, असं त्याचं म्हणणं.

तुम्ही न्यूयॉर्क राज्यातल्या कॅट्सकिलच्या डोंगरात आहात, विलोवेमॉक नदीला मिळणाऱ्या एका ओढ्यावर. एकोणिसाव्या शतकाची अखेर, जून महिना. काल आगगाडीने सहकुटुंब आलात, शेतकऱ्याच्या घरी मक्याच्या सालपटांच्या गादीवर झोपलात. कूस बदलली की गादी करकरायची. त्यामुळे झोपलात म्हणायचं इतकंच.

आता पाण्यात उतरा. आई गं! जून असला तरी पाणी नडगीतून थेट दातांत जातं. जाड लोकरी विजार भिजून मांड्यांना चिकटते, बुटांचे खिळे शेवाळलेल्या दगडांवर कर्र करतात. पुढे आई चालली आहे; तिचा पायघोळ स्कर्ट ओढ्याचं अर्धं पाणी पिऊन बसलाय, पण गळाची काठी तिच्याच हातात सर्वांत हलकी फिरते.

ती काठीही बघा: बांबूच्या सहा चिरफळ्या चिकटवून केलेली. तिला तेल मुरवलेला रेशमी दोरा, आणि त्याच्या टोकाला रेशमाच्या किड्याच्या पोटातली ग्रंथी व्हिनेगरमध्ये भिजवून ओढून काढलेली पारदर्शक तार. कोरडी असली की ती तटकन तुटते. म्हणून तोंडात धरून ओली करा. हो, तोंडात. डांबर ओठांना लागलं असेल तर तेही चाखा.

गळाला गांडूळ नाही, पिसांची खोटी माशी. हिचं नाव ‘रॉयल कोचमन’. मोरपिसाचे तंतू, मध्ये लाल रेशमाचा पट्टा, वर पांढरे पंख. असा कीटक कुठल्याही ओढ्यावर उडत नाही. मोरपीस ल्यालेली ती नवरी पाण्यावर येते आणि मासा फसतो, याचा उलगडा मला अजून झालेला नाही.

टाका आता. मागे बघा! गेली हेमलॉकच्या फांदीत. पुन्हा. आता टोपीत. वडील काही बोलत नाहीत, मिशीत हसतात. धाकटा वळणापलीकडे गुपचूप गांडूळ लावून बसलाय. त्याच्या टोपलीत तीन मासे झालेत आणि सगळ्यांनी ते न पाहिल्याचं सोंग घेतलंय.

आणि मग दगडामागच्या काळ्या पाण्यात टुपकन आवाज. काठी वाकते, हातात काहीतरी जिवंत धडधडतं. ओंजळीत आला तो वीतभर ब्रूक ट्राउट. पाठीवर नागमोडी रेघा, कुशीवर निळ्या कड्यातले लाल ठिपके, पोट शेंदरी, परांना पांढरी किनार. रंग बघून घ्या, टोपलीत गेला की उतरायला लागतो. काठावरच साफ करून ओल्या नेच्यांच्या थरात ठेवा. खवले इतके बारीक की खरवडायची गरज नाही.

दुपारी मक्याच्या पिठात घोळवून, खारवलेल्या डुकराच्या चरबीत तळतात. धूर, चरबी, नेच्याचा हिरवा वास, कपड्यांतून निघणारी ओल्या लोकरीची वाफ. रवा लावलेली बोंबलाची तुकडी आठवली तर आठवू द्या, पण बोटं जपा. काटे बारीक आहेत.

संध्याकाळी दमलात तरी लगेच झोपू नका. दोरा रिळावरून सोडवून खुर्च्यांच्या पाठींना गुंडाळून वाळत घाला. ओला राहिला तर रेशीम कुजतं, आणि उद्या पहिलाच मासा तुमच्या दोऱ्यासकट जाईल.