डेडलाइन आणि १९,६०० फुल्या

ख्रिसमसला भेट द्यायची म्हणून क्रॉस स्टिच करणाऱ्यांचा डिसेंबर म्हणजे आपला रिलीजचा आठवडा. हिशोब बघा: १४ काउंटचं कापड, म्हणजे इंचाला १४ फुल्या. १० बाय १० इंच पूर्ण भरायचं तर १९,६०० फुल्या. तासाला १०० धरा, झाले १९६ तास!

अशा घाईवर लंडनच्या हेन्री कोल साहेबांनी १८४३ मध्ये उपाय काढला. ख्रिसमसची पत्रं लिहायला वेळ नाही, मग कार्डच छापून घेतलं. विक्रीला आलेलं पहिलं ख्रिसमस कार्ड ते हेच.

गंमत पुढेच आहे. हेच कोल साउथ केन्सिंग्टन म्युझियमचे, म्हणजे आजच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्टचे, पहिले संचालक झाले. तिथे आज जेन बोस्टॉकचा भरतकामाचा नमुना आहे. साल टाकलेला ब्रिटनमधला सर्वांत जुना. त्यात क्रॉस स्टिचही आहे. त्यावर अ‍ॅलिस लीचा जन्म नोंदलाय: २३ नोव्हेंबर १५९६. आणि नमुन्याचं साल? १५९८! बाळ तोवर चालायच्या वयाचं झालेलं.

तेव्हा मंडळी, २५ तारीख हुकली तर फुल्या गाळू नका. खरं साल टाका आणि जानेवारीत द्या. जेनचे टाके लोक चारशे वर्षांनंतरही बघतायत.