गर्भारपणातील अंडाशयाच्या गाठी : निदानाचा इतिहास
गर्भारपणात अंडाशयावर आढळणाऱ्या बहुतेक गाठी साध्या असतात. काही मात्र कर्करोगासारख्या दिसतात. पूर्वी निदानाचा भरवसा मुख्यतः हाताच्या तपासणीवर होता. १८०९ मध्ये अमेरिकेतील केंटकीत शल्यचिकित्सक इफ्रेम मॅकडॉवेल यांनी जेन क्रॉफर्ड यांची अंडाशयाची गाठ काढली. आधी ती गर्भारपण समजली गेली होती. १९५८ मध्ये ग्लासगोचे डॉक्टर इयन डोनाल्ड यांनी अल्ट्रासाउंडवरील (सोनोग्राफीवरील) निबंध ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केला. जठराचा असाध्य कर्करोग ठरवलेल्या स्त्रीला अंडाशयाची साधी गाठ असल्याचे या तंत्राने उघड झाले. १९८१ मध्ये अंडाशयाच्या कर्करोगाचा संशय दाखवणाऱ्या सीए-१२५ या रक्तचाचणीची वाट खुली झाली. पण गर्भारपणाच्या सुरुवातीला रक्तातील सीए-१२५चे प्रमाण कर्करोग नसतानाही वाढते. तसेच एंडोमेट्रिऑसिसच्या (गर्भाशयाच्या अस्तरासारखी ऊती गर्भाशयाबाहेर वाढण्याच्या आजाराच्या) गाठीत गर्भारपणातील प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकामुळे कधी कधी रक्तवाहिन्यायुक्त उंचवटे येतात आणि कर्करोगाचा भास होतो. अशा वेळी एमआरआय आणि पुनःपुन्हा सोनोग्राफी केल्यास अनावश्यक शस्त्रक्रिया टळू शकते.