संमत प्रहारक्रीडा

संमत प्रहारक्रीडा म्हणजे प्रौढ व्यक्तींनी परस्परांच्या स्पष्ट संमतीने, शृंगाराचा भाग म्हणून, हाताने किंवा आसूड, कोरडा, वेताची छडी यांसारख्या साधनाने केलेले नियंत्रित प्रहार. संस्कृत कामशास्त्रात यासाठी ‘प्रहणन’ ही संज्ञा आढळते. वेदना आणि वळ मारहाणीतही असतात. म्हणून मारहाणीपासून या क्रीडेचे वेगळेपण संमतीवर आणि प्रहारावरील ताब्यावर ठरते.

कामशास्त्रातील प्रहणन

वात्स्यायनाच्या कामसूत्राच्या दुसऱ्या अधिकरणातील सातवा अध्याय प्रहणन व सीत्कृत यांना वाहिलेला आहे. खांदे, डोके, छातीचा मध्य, पाठ, जघन आणि कुशी ही प्रहणनाची स्थाने तेथे सांगितली असून हाताने करावयाचे चार प्रकार दिले आहेत. आसुडाचा उल्लेख त्यांत नाही. याखेरीज दाक्षिणात्यांत रूढ असलेले आणखी चार प्रकार वात्स्यायन नोंदवतो: छातीवर कीला, डोक्यावर कर्तरी, गालांवर विद्धा, स्तनांवर व कुशींवर संदंशिका. हे प्रकार क्लेशदायक व त्याज्य असल्याचे मत तो स्वतःच्या नावाने देतो आणि त्यासाठी तीन दुर्घटना सांगतो. चोल राजाच्या कीलाप्रहाराने चित्रसेना ही गणिका मरण पावली; कुंतलाधिपती शातकर्णी सातवाहनाच्या कर्तरीप्रहाराने महादेवी मलयवतीचा अंत झाला; पांड्यांचा सेनापती नरदेव याच्या विद्धाप्रहाराने एका नर्तकीचा डोळा गेला.

सातवाहनांचे नाव कर्जतच्या वाचकाला परके नाही. उल्हास नदीच्या खोऱ्यात, राजमाचीच्या पायथ्याशी असलेली कोंढाण्याची लेणी त्याच काळातील मानली जातात. मलयवतीच्या कथेची ऐतिहासिकता कशीही असो, तिच्यातील वैद्यकीय तथ्य आजही तसेच आहे. छाती, डोके आणि चेहरा या तिन्ही ठिकाणचे प्रहार आजचे मार्गदर्शनही वर्ज्य मानते. वात्स्यायनाने सौम्य प्रहारासाठी डोके मान्य केले असले, तरी या एका बाबतीत त्याचे अनुकरण करू नये.

आसूड व पोतराज

महाराष्ट्रात आसूड म्हटला की मरीआईचा भक्त पोतराज आठवतो. तो दोराचा आसूड स्वतःच्या अंगाभोवती फिरवतो व त्याचा कडाका दूरवर ऐकू येतो. लांब, निमुळत्या आसुडाचा कडाका हवेत निर्माण होतो; त्याच्या अग्राचा वेग ध्वनीच्या वेगाला, म्हणजे सेकंदाला सुमारे 340 मीटरला, ओलांडतो. म्हणून आवाजावरून घावाचा अंदाज करता येत नाही. पोतराज स्वतःच मारणारा आणि स्वतःच सोसणारा असतो. दुसऱ्याच्या अंगावर आसूड चालवताना ही जाणीव हाताला आपोआप मिळत नाही, ती विचारून घ्यावी लागते.

साधनाची निवड

नवख्यांसाठी अनेक रुंद, मऊ वाद्यांचा आसूड सर्वांत सोयीचा. अशा आसुडाला एक मूठ व वीस-तीस वाद्या असतात आणि प्रहार विस्तृत भागावर विभागला जातो. मऊ चामड्याच्या रुंद वाद्यांनी जड, बोथट धक्का बसतो. अरुंद, कडक किंवा रबरी वाद्यांनी चरचरीत झोंबरा फटका बसतो. वाद्या जितक्या लांब तितका टोकांवरील ताबा कमी, त्यामुळे आरंभी हातभरापेक्षा फार लांब वाद्या नसाव्यात. मूठ व वाद्या यांचा तोल मुठीजवळ असल्यास मनगट थकत नाही. वाद्यांच्या कडा बोटाने तपासाव्यात. धारदार कडा आणि टोकाच्या गाठी त्वचा फाडतात.

एकाच शेपटाचा लांब चाबूक हे वेगळेच साधन होय. त्याचे टोक त्वचा सहज कापते. उशीवर किंवा टांगलेल्या कागदावर दीर्घ सराव झाल्याशिवाय तो माणसावर वापरू नये. बैलांसाठी बनवलेला कोरडाही या कामाचा नव्हे. त्याची वादी ताठ असते आणि माणसाची त्वचा बैलाच्या कातड्यापेक्षा फार पातळ असते.

कर्जत-खालापूरसारख्या घाटपायथ्याच्या दमट प्रदेशात चामड्याची निगा हा स्वतंत्र विषय ठरतो. पावसाळ्यात बंद कपाटातील चामड्यावर काही दिवसांत बुरशी धरते व वाद्या ताठरतात. आसूड टांगून, वारा लागेल असा ठेवावा; ओला झाल्यास सावलीत वाळवून चामड्याचे तेल लावावे. चामडे सच्छिद्र असल्याने रक्त लागल्यास ते खात्रीने निर्जंतुक होत नाही. हिपॅटायटिस बी चा विषाणू शरीराबाहेर किमान 7 दिवस टिकतो, म्हणून चामड्याचा आसूड एकाच व्यक्तीसाठी राखून ठेवावा. रबर किंवा सिलिकॉन साबणाने धुता येते.

प्रहाराची स्थाने व पद्धती

नितंब व मांड्यांची मागची वरची बाजू येथे स्नायू व चरबी भरपूर असल्याने ही स्थाने सर्वांत सुरक्षित. पाठीचा वरचा भाग कण्याच्या दोन्ही बाजूंना, हाड टाळून, हलक्या प्रहारांपुरता चालतो. डोके, चेहरा, मान, कणा, माकडहाड, पोट, सांधे, गुडघ्याची मागची बाजू आणि बरगड्यांखालची कंबर पूर्णतः वर्ज्य. कंबरेच्या या भागात मूत्रपिंडे असून त्यांना स्नायूंचे संरक्षण अपुरे असते.

सर्वाधिक अपघात वाद्या अंगाभोवती वळल्याने होतात. वळताना टोकांचा वेग वाढतो व ती कुशीवर किंवा कटीच्या हाडावर आदळतात. यासाठी टोके लक्ष्यावरच पडतील, त्यापलीकडे जाणार नाहीत, अशा अंतरावर उभे राहावे. आरंभ अगदी हलका असावा, त्वचा उबदार व गुलाबी होऊ द्यावी आणि जोर हळूहळू वाढवावा. मद्य किंवा अन्य नशा दोघांनाही वर्ज्य, कारण मारणाऱ्याचा नेम जातो आणि सोसणाऱ्याची वेदनेची जाण बोथट होते.

रक्त पातळ करणारी औषधे, रक्तस्रावाचे विकार, हृदयरोग, गरोदरपण तसेच मधुमेहामुळे आलेली बधिरता यांची माहिती आधीच द्यावी. काही वेळा क्रीडा टाळणेच योग्य. नंतर पाणी, पांघरूण व सोबत द्यावी. वळांवर फडक्यात गुंडाळलेला थंड शेक पुरतो. लघवी लालसर किंवा गडद होणे, बधिरता, चक्कर, श्वासाचा त्रास किंवा वाढत जाणारी सूज दिसल्यास थांबून पाहू नये. वाड्या-पाड्यांवरील किंवा आडबाजूच्या फार्महाऊसवरील रात्री रुग्णालय दूर असते. 108 या क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते. डॉक्टरांना कारण खरे सांगावे. ‘पायऱ्यांवरून पडलो’ या उत्तराने तपासणी भलत्या दिशेला जाते.

संमती

संमती आधी, शुद्धीत आणि तपशीलवार घ्यावी लागते: कोणते साधन, कोणते स्थान, किती जोर, वळ चालतील की नाही. ती केव्हाही मागे घेता येते. वेगात सुटलेल्या घोड्याची उपमा देऊन वात्स्यायनानेही आवेगातील प्रेमिकांना भान राहत नसल्याचे सांगितले आहे. खूणशब्दाची गरज याच कारणाने असते. क्रीडेत सहसा न येणारा एखादा शब्द (‘लाल’ हा पुष्कळदा निवडला जातो) उच्चारताच सर्व थांबते. बोलता येणार नसेल तर हातात धरलेली वस्तू खाली टाकणे ही खूण ठरवतात. विवाह झाला म्हणजे संमती मिळाली असे होत नाही. भीतीपोटी दिलेला होकार हा होकार नव्हे. असे घडत असल्यास स्त्रियांना कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायदा, 2005 चे संरक्षण आणि 181 ही हेल्पलाइन उपलब्ध आहे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या 2022 पासून लागू झालेल्या अकराव्या रोगवर्गीकरणात प्रौढांची परस्पर संमतीची अशी आवड विकार गणलेली नाही. संमतीविना दुसऱ्याला पीडा देण्याची आसक्ती मात्र विकार म्हणून कायम आहे.

कायदा

फटक्यांची शिक्षा भारतात 1864 व 1909 च्या कायद्यांनुसार दिली जाई. 1955 च्या कायद्याने ती रद्द झाली. भूत उतरवण्याच्या बहाण्याने बांधून चाबकाने मारणे हा महाराष्ट्राच्या 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याखाली गुन्हा आहे.

1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेचे कलम 25 असे सांगते की, मृत्यू किंवा गंभीर दुखापत घडवण्याचा हेतू अथवा तशा संभाव्यतेची जाणीव नसलेले कृत्य 18 वर्षांवरील व्यक्तीच्या संमतीने झाल्यास, त्यातून होणाऱ्या इजेमुळे ते गुन्हा ठरत नाही. कायद्यातील उदाहरण गंमत म्हणून खेळल्या जाणाऱ्या पट्ट्याच्या खेळाचे आहे. भीतीने, गैरसमजाने किंवा परिणाम न समजण्याइतक्या नशेत दिलेली संमती कलम 28 ग्राह्य धरत नाही. हाड मोडणे, दृष्टी कायमची जाणे किंवा 15 दिवस तीव्र वेदना राहणे ही कलम 116 नुसार गंभीर दुखापत होय आणि तेथे कलम 25 चा आधार तोकडा पडतो. इंग्लंडमध्ये तर हाउस ऑफ लॉर्ड्सने 1993 मध्ये ‘आर विरुद्ध ब्राउन’ या खटल्यात, अशा क्रीडेत प्रत्यक्ष शारीरिक इजा झाल्यास संमती हा बचाव होत नाही, असा निर्णय दिला.