43 डॉलरची पोरं

दोस्तांनो, गेल्या बैठकीत ठरलं की तालुक्यातल्या प्राथमिक शाळांची पाहणी करायची. नळ किती, संडास किती, मास्तर किती. कागद छापून झाले. रात्रपाळी करून आलो, तो कागद पुढं घेऊन बसलो आणि मला क्लॅरेंडन आठवलं. म्हणून हे लिहितोय.

क्लॅरेंडन ही अमेरिकेतल्या साऊथ कॅरोलायना राज्यातली एक कौंटी. कौंटी म्हणजे आपला तालुका समजा. कापसाचा मुलूख. जमीन बहुतेक गोऱ्यांची, राबणारे हात काळ्यांचे. 1896 साली तिथल्या सुप्रीम कोर्टानं सांगून ठेवलं होतं की गोरे-काळे वेगळे ठेवायला हरकत नाही, फक्त सोयी सारख्या पाहिजेत. वेगळं पण सारखं! वेगळं किती होतं ते सांगायला नको. सारखं किती होतं ते ऐका.

1949-50 साली कौंटीतल्या सरकारी शाळांत एका गोऱ्या पोरामागं 179 डॉलर खर्च व्हायचे. काळ्या पोरामागं 43. गोऱ्यांची 2,375 मुलं, त्यांना 12 शाळा, किंमत 6,73,850 डॉलर. काळ्यांची 6,531 मुलं, त्यांना 61 शाळा, किंमत 1,94,575 डॉलर. 61 हा आकडा वाचून कुणी म्हणेल, अरे वा, यांनाच जास्त शाळा! त्यातल्या कितीतरी म्हणजे एका-दोन मास्तरांच्या लाकडी खोपट्या. गोऱ्यांना विटांच्या इमारती. काळ्यांना संडास बाहेर, तोही खड्ड्याचा.

भांडण मात्र सुरू झालं बसवरून. गोऱ्या पोरांना तीसेक बस, काळ्यांना एकही नाही. पोरं मैलोन्‌मैल चालायची. पाद्री आणि मास्तर असलेले जोसेफ डीलेन बस मागायला गेले, तर उत्तर मिळालं की तुम्ही लोक कर कुठं भरता तेवढा. (हे उत्तर आपल्या ओळखीचं आहे. फक्त भाषा बदलते.) शेवटी आईबापांनी पदरचे पैसे घालून जुनी बस घेतली. ती सारखी बंद पडायची. मग लेव्ही पिअर्सन नावाच्या शेतकऱ्यानं 1948 साली कोर्टात दावा लावला. कोर्टानं तो काढून टाकला. का? तर त्याची जमीन दोन शाळा-हद्दींच्या मधे पडते आणि कर तो दुसऱ्या हद्दीत भरतो. दावा गेलाच, वर गावानं त्याचं उधार बंद केलं. कापणीचं यंत्र कुणी भाड्यानं देईना. उभं पीक शेतात कुजलं.

तरी लोक मागं हटले नाहीत. वकील थर्गुड मार्शल म्हणाले, एका माणसावर हे जमणार नाही, वीस फिर्यादी आणा. 1949 च्या नोव्हेंबरात अर्ज गेला. यादीत पहिलं नाव हॅरी ब्रिग्ज, पेट्रोल पंपावर काम करणारा, लढाईत आरमारात जाऊन आलेला. नाताळच्या आदल्या दिवशी त्याला कामावरून काढलं. त्याची बायको एलायझा मोटेलात साफसफाई करायची, तिचंही काम गेलं. आपल्यात सही करताना हात थरथरतो त्याला भित्रा म्हणू नका. सहीची किंमत चूल असते.

आता खरी गोष्ट इथं आहे. सुरुवातीची मागणी होती, आमच्या शाळा त्यांच्यासारख्या करा. न्यायाधीश वेअरिंग स्वतः गोरे, चार्ल्स्टनच्या जुन्या घराण्यातले. 1950 च्या नोव्हेंबरात त्यांनी मार्शलना सुचवलं की सारखेपणा मागू नका, वेगळेपणावरच घाव घाला. दावा नव्यानं लिहिला गेला. 28 मे 1951 ला सुनावणी उभी राहिली आणि सरकारी वकील उठून काय म्हणाला? म्हणाला, मान्य आहे, शाळा सारख्या नाहीत! राज्य नवा विक्रीकर लावून साडेसात कोटी डॉलरचं कर्ज उभं करतंय, काळ्यांना नव्या शाळा बांधून देतंय.

बघा डाव. गोऱ्या सरकारला एकाएकी दया आली नव्हती. भिंत वाचवायची म्हणून ते इमारत द्यायला तयार झाले. जुनाच दावा असता तर तो तिथंच संपला असता. संडास मोजून आणलेला सगळा कागद एका कबुलीनं रद्दी झाला असता.

पण दावा आता वेगळा होता. मानसशास्त्राचे केनेथ क्लार्क यांनी तिथल्या 16 काळ्या पोरांपुढं गोरी आणि तपकिरी बाहुली ठेवली होती. 11 जणांनी तपकिरी बाहुली वाईट दिसते म्हणून दाखवली. ह्याला कुठली नवी इमारत पुरणार? तरी दोन विरुद्ध एक मतानं काळे हरले. वेअरिंग एकटे विरोधात लिहून गेले की वेगळेपणा म्हणजेच विषमता. पुढं हीच केस इतर केसेसबरोबर वर गेली आणि 17 मे 1954 ला ब्राऊन खटल्याच्या निकालात तीच गोष्ट कायदा झाली.

बाबासाहेबांनी महाडला 1927 सालीच हे सांगितलं होतं. चवदार तळ्याचं पाणी प्यालो नाही म्हणून आपण मरणार नव्हतो. आपण माणूस आहोत हे सिद्ध करायला तिथं गेलो. वेगळी विहीर खोदून द्यायला गाव कधीही तयार असतो. साताऱ्याच्या शाळेत शिपाई आला तरच पाणी, नाहीतर तहानलेलं राहायचं, हे ज्यानं भोगलं त्याला नुसत्या माठाचा हिशोब फसवू शकला नाही. 1946 साली त्यांनी अमेरिकेतल्या काळ्यांचे विद्वान नेते डू बॉईस यांना पत्र लिहिलं ते काही उगाच नाही.

निकालानंतर काय झालं ते आपली मंडळी सांगत नाहीत. डीलेनचं घर 1951 ला जळालं होतंच, 1955 ला चर्च जाळलं. घरावर गोळ्या झाडल्या, त्यांनी उलट झाडल्या, तर वॉरंट त्यांच्याच नावानं निघालं. ते न्यूयॉर्कला निघून गेले, 1974 ला वारले. ते वॉरंट रद्द व्हायला 2000 साल उजाडलं. आणि 1965 ला समरटन गावच्या गोऱ्या शाळेत थोडी काळी पोरं शिरली, त्याच साली गोऱ्यांनी खाजगी शाळा काढली आणि आपली पोरं उचलून तिकडं नेली. सरकारी शाळा जवळजवळ नुसत्या काळ्यांच्या उरल्या.

माझ्या गावच्या शाळेला आता फरशी आहे, नळ आहे, रंगवलेल्या भिंती आहेत. मी शिकलो तेव्हा एका बाकावर सगळ्या आळीची पोरं असायची. आता पटावर आमच्या वस्तीची आणि ऊसतोड्यांची पोरं उरलीत. बाकीची सकाळी पिवळ्या बसमध्ये बसून जातात.

तर पाहणीच्या कागदात नळ-संडासाचे रकाने राहू द्या, ते लागतातच. त्यांच्या खाली एक वाढवा. गावातल्या कुठल्या आळीची पोरं या शाळेत नाहीत, कुठल्या सालापासून नाहीत, आणि ती कुठं जातात. कागद परत सायक्लोस्टाईल करायचा खर्च माझ्या पगारातून घ्या.