कौल, खत आणि कार्ड

नगरसारख्या शहरात इतिहासावर बोलावयाचे म्हटले की श्रोत्यांच्या मनात काही नावे आधीच उभी राहतात. चांदबिबी, मलिक अंबर, किल्ल्यातले राजबंदी यांपैकी कोणीतरी व्यासपीठावर यावे, अशी अपेक्षा असते, आणि ती रास्तच आहे. परंतु आज आम्ही जरा आडवाटेने जाणार आहोत. विषय तसा चालू काळातला आहे. विमान कंपन्यांच्या नावाने बँका क्रेडिट कार्ड देतात आणि सांगतात, "कार्ड घ्या, पहिल्या नव्वद दिवसांत अमुक लाखांचा खर्च करा, म्हणजे अमुक हजार मैल आपल्या खात्यावर बक्षीस जमा होतील. त्या मैलांवर विमानाचे तिकीट मिळेल." १ ऑक्टोबर २०१७ रोजी कोपरगाव तालुक्यातील काकडी येथे शिर्डीचा विमानतळ सुरू झाला. तेव्हापासून विमान आपल्या जिल्ह्याला परके राहिलेले नाही. म्हणून या बक्षिसाचे मोल काय आणि त्यामागच्या अटीचे ओझे किती, हा प्रश्न आता मुंबई-पुण्याचाच नव्हे, आपल्याही घरचा झाला आहे.

यात इतिहास कोठे आला, असे कोणी विचारील. आमचे उत्तर असे की, आधी हातावर काही ठेवावयाचे आणि मागाहून अट वसूल करावयाची, हा व्यवहार या मातीत फार जुना आहे. त्याचे भले रूपही आपल्या पूर्वजांनी पाहिले आणि बुरे रूपही पाहिले. दोन्ही रूपे शेजारी ठेवून पाहिली, तर आजच्या बक्षिसाचे तोलमाप करणे सोपे जाईल.

भले रूप म्हणजे कौल आणि इस्तावा. दुष्काळाने, मोहिमांनी, पेंढारासारख्या लुटीने गाव ओस पडे, जमीन पडीक होई. सरकारास सारा हवा, पण सारा द्यावयास गावात माणूस नाही. अशा वेळी पाटलास किंवा नव्याने येणाऱ्या कुळास कौल दिला जाई. पडीक जमीन नांगराखाली आणा. पहिल्या वर्षी सारा नाममात्र, दुसऱ्या वर्षी थोडा अधिक, तिसऱ्या वर्षी आणखी काही, असे चढत चढत ठरल्या मुदतीअखेर पूर्ण दर. या चढत्या साऱ्यालाच इस्तावा म्हणत. नवी पेठ वसवावयाची असली, तर शेटे-महाजनांस बोलावून तेथे येणाऱ्या उदम्यांस काही वर्षे जकात माफ करीत. म्हणजे आरंभीची सवलत हे आमिषच होते. सरकारचा स्वार्थ त्यात उघड होता.

मग यास भले का म्हणावयाचे? आमच्या मते कारणे दोन. पहिले असे की, सवलत आणि अट एकाच कागदावर, एकाच शाईने लिहिलेली असे. कोणत्या साली किती द्यावयाचे, हे घेणाऱ्यास आधीच ठाऊक असे. दुसरे कारण अधिक महत्त्वाचे आहे. अट पुरी करण्यासाठी कुळाने जे श्रम करावयाचे, त्यांनी त्याचीच जमीन सुधारे. सवलत संपली तरी नांगरलेले शेत उरे. शिवाजी महाराजांनी १६७६ साली प्रभावळीचा सुभेदार रामाजी अनंत यास लिहिलेले पत्र प्रसिद्धच आहे. ज्याला बैल नाही त्याला बैलासाठी पैसे द्यावेत, पोटाला धान्य द्यावे, आणि ते पुढे व्याज न लावता, मुद्दल तेवढे, त्याला ऐपत येईल तसे उगवून घ्यावे, असा त्याचा आशय आहे. ते पत्र कोकणातल्या सुभ्याचे खरे. पण देणाऱ्याचे आणि घेणाऱ्याचे हित एकाच अटीत कसे गुंफावे, याचा तो नमुना आहे.

आता बुरे रूप पाहू. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध चालू होते. तिकडचा कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेनासा झाला आणि हिंदुस्थानच्या कापसाला कधी नव्हे तो भाव आला. दख्खनमध्ये पैसा खेळू लागला, शेतकऱ्याची पत वाढली, आणि सावकार मागेल त्याला, किंबहुना न मागेल त्यालाही, कर्ज देऊ लागले. युद्ध संपले, भाव कोसळले, पतही आटली. कर्ज मात्र राहिले. त्यातच १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने खतावर दावा लावण्यास तीन वर्षांची मर्यादा घातली होती. कायदा ऋणकोच्या रक्षणासाठी होता. पण परिणाम उलटा झाला. मुदत भरत आली की सावकार नवे खत लिहून घेई, आणि त्यात थकलेले व्याज मुद्दल म्हणून चढवी. शिवाय कर्ज देतानाच काही रक्कम कापून घेण्याची चाल होती. तिला मनोती म्हणत. खतावर शंभर लिहिलेले असत, हाती त्याहून कमी पडत, आणि व्याज मात्र शंभरावर चाले. खताखाली निशाणी करणाऱ्याला ते वाचता येत नव्हते.

पुढे जे घडले ते आपणांस ठाऊक आहे. १२ मे १८७५ रोजी भीमथडीतल्या सुपे गावी, म्हणजे आपल्या पारनेरचे सुपे नव्हे, दंगा उसळला आणि थोड्याच दिवसांत तो आपल्या जिल्ह्यात पारनेर, श्रीगोंदे, नगर, कर्जत या तालुक्यांत पसरला. या दंग्याची एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. लोकांचा रोख माणसांपेक्षा कागदावर होता. सावकाराने खते काढून दिली की बहुधा तेवढ्यावर भागे. न दिली तर मारहाण होई, गंजीला आग लागे. आपल्याला गिळणारी वस्तू तो कागद आहे आणि त्यात काय लिहिले आहे हे आपणांस कळत नाही, एवढे त्या माणसाला पक्के कळले होते. सरकारने आयोग नेमला, आणि १८७९ साली पुणे, सातारा, सोलापूर व अहमदनगर या चार जिल्ह्यांसाठी शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा झाला. त्याने कोर्टाला खताच्या मागे जाऊन मूळ व्यवहार तपासण्याचा अधिकार दिला, आणि शेतकऱ्याचे खत गावनिबंधकासमोर लिहिले जावे अशी तजवीज केली. अट काय आहे, हे घेणाऱ्यास आधी समजले पाहिजे, हे तत्त्व आपल्या जिल्ह्यातल्या रक्ताश्रूंतून कायद्यात उतरले, असे म्हटले तर ते अतिशयोक्त होणार नाही.

या दोन टोकांच्या मध्ये आणखी एक व्यवहार आहे आणि तो आजही चालू आहे. तो म्हणजे उचल. १९५० साली प्रवरानगरला सहकारी साखर कारखाना उभा राहिला, पुढे जिल्हाभर कारखाने झाले, आणि ऊस तोडावयास माणसे लागू लागली. पाथर्डी-शेवगावकडची कुटुंबे हंगामाआधी मुकादमाकडून उचल घेतात. नवरा-बायको मिळून एक कोयता, आणि तोडलेल्या टनांच्या मजुरीतून ती उचल फेडावयाची. पाऊस कमी झाला, हंगाम लवकर आटोपला किंवा घरात दुखणे आले, की टन भरत नाहीत; बाकी राहते आणि पुढच्या हंगामाच्या मानेवर बसते. रक्कम दसऱ्याच्या सुमारास हाती येते, तेव्हा ती फार मोठी दिसते. टन किती तोडावे लागतील, हा हिशेब मात्र थंडीत, पहाटे, फडात उभे राहिल्यावर कळतो.

आता कार्डाकडे वळू. १९५० साली न्यूयॉर्कमध्ये डायनर्स क्लबचे कार्ड निघाले. आपल्याकडे १९८० साली सेंट्रल बँकेने क्रेडिट कार्ड आणले. विमानांची कथा वेगळी. अमेरिकेने १९७८ साली विमान वाहतुकीवरील सरकारी बंधने उठविली, कंपन्यांत चुरस लागली, आणि गिऱ्हाईक टिकविण्यासाठी अमेरिकन एअरलाइन्सने १९८१ साली प्रवासाचे मैल मोजून बक्षीस देण्याची योजना काढली. १९८७ साली सिटीबँकेने त्या मैलांना कार्डाची जोड दिली. तेव्हापासून मैल मिळविण्यास विमानात बसण्याचीही गरज उरली नाही. किराणा घेतला तरी मैल मिळू लागले. विमान कंपनी बँकेला मैल विकते, बँक ते आपणांस वाटते. हा धंदा केवढा मोठा झाला, याचे प्रत्यंतर २०२० सालच्या महामारीत आले. विमाने जमिनीवर उभी असताना युनायटेड कंपनीने आपली मैलांची योजनाच गहाण ठेवून अब्जावधी डॉलरांचे कर्ज उभारले. जी वस्तू आपणांस फुकट मिळते असे वाटते, तिच्यावर सावकार कर्ज देतो, याचा अर्थ ती फुकट नाही.

एक हिशेब मांडू. आकडे आम्ही उदाहरणादाखल घेतले आहेत. आपल्या कार्डाचे आपण घालावेत. समजा, बक्षीस १०,००० मैल, अट नव्वद दिवसांत १,५०,००० रुपयांच्या खर्चाची, आणि वार्षिक फी ३,००० रुपये. फीवर १८ टक्के जीएसटी, म्हणजे एकूण ३,५४० रुपये. ही आजची मनोतीच. मैलाची किंमत काढण्याची रीत सोपी आहे. जे तिकीट आपण खरोखर काढणार होतो त्याच्या रोख भावातून, मैलांवर तिकीट घेतानाही भरावे लागणारे कर वजा करावेत, आणि उरलेल्या रकमेस लागणाऱ्या मैलांनी भागावे. समजा, मैल पन्नास पैशांना पडला. बक्षीस झाले ५,००० रुपयांचे. फी वजा जाता हाती उरले १,४६० रुपये.

आता अटीचे पारडे. घरचा कार्डावर होण्याजोगा खर्च महिना २५,००० असला, तर नव्वद दिवसांत ७५,००० होतात. तितकेच कमी पडतात. मुलांची फी, विम्याचा हप्ता असे ठरलेले ४५,००० त्या मुदतीत बसविता आले, असे धरू. तरी ३०,००० उरतातच. ते भरून काढण्यासाठी नको असलेली वस्तू घरात आणली, तर १,४६० रुपयांसाठी ३०,००० घालविले, असा त्याचा अर्थ. आणि बिल पुरे भरता आले नाही तर? कार्डाचे व्याज दरमहा साडेतीन टक्क्यांच्या आसपास असते. ५०,००० रुपये एक महिना राहिले, तर व्याज १,७५०, त्यावर जीएसटी ३१५, एकूण २,०६५. बक्षीस एका महिन्यात संपून वर ६०५ रुपये पदरचे गेले. शिवाय पुष्कळ कार्डांवर इंधन, घरभाडे असे खर्च अटीत धरत नाहीत, आणि मुदत कार्ड हाती आल्यापासून नव्हे तर मंजूर झाल्यापासून मोजतात. हे बारीक अक्षरात असते.

मैल ही केवळ हमी आहे, हेही विसरू नये. जेट एअरवेजची विमाने १७ एप्रिल २०१९ रोजी थांबली. मैलांचा हिशेब वेगळ्या कंपनीकडे असल्याने ते त्या दिवशी बुडाले नाहीत. पण ज्या विमानासाठी लोकांनी ते साठविले होते, ते विमानच उरले नाही.

याचा अर्थ कार्ड घेऊ नये, असा नाही. ज्याच्या घरी त्याच तीन महिन्यांत मोठा खर्च ठरलेलाच आहे, पैसे बँकेत तयार आहेत, आणि प्रवासही नक्की आहे, त्याच्यासाठी हे बक्षीस इस्ताव्यासारखे आहे. त्याने ते खुशाल घ्यावे. पण ते कोठून येते, हे त्यानेही जाणावे. काही भाग दुकानदाराकडून कापलेल्या वर्तावळ्यातून येतो, आणि काही भाग ज्यांना बिल पुरे भरता येत नाही त्यांच्या व्याजातून. दक्ष गृहस्थाच्या काशीयात्रेचे थोडे भाडे शेजारचा अडलेला गृहस्थ भरीत असतो. जुन्या दामदुपटीच्या नियमाने व्याज मुद्दलापलीकडे जाऊ देत नसत; कार्डाला तशी वेस नाही. २० डिसेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने, तीस टक्क्यांवर व्याज घेऊ नये हा ग्राहक आयोगाचा २००८ चा निर्णयही रद्द केला.

रिझर्व्ह बँकेने २०२२ साली काढलेल्या निर्देशांनी न मागता कार्ड देण्यास मनाई केली आणि मुख्य अटी स्वतंत्र कागदावर देण्याचे बंधन घातले. एका परीने हा गावनिबंधकच आहे. पण १८७९ चा निबंधक खत वाचून दाखवी. आजचा कागद आपला आपणच वाचावयाचा आहे. म्हणून सही करण्यापूर्वी तीन प्रश्न स्वतःस विचारावेत. बक्षीस नसते तरी हा खर्च मी केला असता काय? बिल आले त्या दिवशी सगळे पैसे माझ्याजवळ असतील काय? आणि अट पुरी केल्यावर, नांगरलेल्या शेतासारखे माझ्यापाशी काही उरेल काय? तिन्हींचे उत्तर होय असेल तर कौल समजून घ्यावा. एकाचेही नाही असेल, तर तो कागद खत आहे असे समजून परत करावा.

१८७५ साली आपल्या तालुक्यांतल्या माणसांनी खते जाळली, कारण त्यांना ती वाचता येत नव्हती. आपणांस वाचता येते. एवढ्या दीडशे वर्षांत आपण कमावलेली ही मिळकत आहे, आणि ती वापरण्यास नव्वद दिवसांची मुदत नाही.