दादरची पारशी कॉलनी: मुंबईतली भिंत नसलेली पारशी वसाहत

जोशी हे आडनाव वाचून गोंधळू नका. दादरची पारशी कॉलनी ज्यांच्या धडपडीतून उभी राहिली ते मंचेरजी जोशी पारशीच होते, पेशाने सिव्हिल इंजिनिअर.

गोष्ट सुरू होते प्लेगपासून. 1896 मध्ये मुंबईत साथ आली आणि दाटीवाटीच्या, अंधाऱ्या चाळींमध्ये माणसं पटापट मेली. 1898 मध्ये सरकारने 'बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट' स्थापन केला. वस्ती उत्तरेला सरकवायची, रुंद रस्ते काढायचे, घरात हवा-उजेड येईल असं बघायचं, हे त्याचं काम. दादर-माटुंगा भाग त्यातूनच आखला गेला. शेजारची हिंदू कॉलनीही त्याच आखणीतली.

जोशींनी ट्रस्टकडे आग्रह धरून 103 भूखंड मध्यमवर्गीय पारशी कुटुंबांसाठी राखून घेतले. कुलाब्याची खुसरो बाग किंवा भायखळ्याची रुस्तम बाग बघितली असेल तर फरक लगेच कळतो. तिथे गेट आहे, आत कोण येतंय यावर लक्ष असतं. इथे भिंतच नाही. रस्ते सार्वजनिक, त्यामुळे कोणीही फिरायला येतं.

आणि येतातच. फाइव्ह गार्डन्स, म्हणजे लागून असलेल्या पाच बागा, हे त्याचं मोठं कारण. सकाळी चालणारे आजी-आजोबा, संध्याकाळी जवळच्या रुईया आणि व्हीजेटीआयची मुलं. रस्त्यांवर झाडांची अशी सावली की मे महिन्यातही इथे वळल्यावर जरा बरं वाटतं. इमारती बुटक्या, बाल्कन्या ऐसपैस. कॉलनीत अग्यारी आहे (आत प्रवेश फक्त पारशांना), शाळा, जिमखाना, लग्न-नवजोतसाठी हॉल, खेळायला मैदान. लोकल पकडायला दादर किंवा माटुंगा. रोजच्या जगण्यासाठी लांब जावं लागत नाही, हीच मूळ कल्पना होती.

आता अडचण माणसांची आहे. देशात 2001 च्या जनगणनेत 69,601 पारशी होते, 2011 मध्ये 57,264 उरले. दहा वर्षांत बारा हजारांहून जास्त कमी! घरं जुनी, राहणारे वयस्कर, काहींची मुलं परदेशात. दुसरीकडे दादरमध्ये जागेचा भाव किती, हे वेगळं सांगायला नको. आजूबाजूला टॉवर उभे राहत असताना या बुटक्या इमारती दुरुस्त करून टिकवायच्या की पाडून उंच बांधायच्या, हा प्रश्न इथल्या घराघरात आहे.

मंचेरजी जोशींचा पुतळा कॉलनीतच आहे. फाइव्ह गार्डन्सला गेलात तर शोधा.