उमरेडचा ढिगारा, करपलेली माती आणि मुळांवरच्या गाठी

प्रयोगातून काहीच निघालं नाही तर काय करायचं, हा प्रश्न संशोधनाची तयारी करणाऱ्यांकडून हमखास येतो. त्याचं उत्तर द्यायला मी उमरेडच्या कोळसा खाणीपासून सुरुवात करते. थोडा धीर धरा, संबंध आहे.

उमरेडची खाण उघडी आहे, म्हणजे कोळशापर्यंत पोचायला वरची सगळी माती आणि खडक काढून बाजूला टाकावे लागतात. त्यांचे ढिगारे म्हणजे तुम्ही लांबून पाहता ते मातीचे डोंगर. कामगार त्याला नुसतं ‘ओबी’ म्हणतात. शेताची काळी माती सगळ्यात वर होती, ती वेगळी राखली नाही तर ढिगाऱ्यात कुठेतरी खोल गाडली जाते. वर येतो तो गोंडवाना काळातला वालुकाश्म आणि शेल. हा कोळसा ज्या ग्लोसोप्टेरिससारख्या झाडांपासून बनला, त्यांना फुलं येत नव्हती. त्यांचं वय 25 कोटी वर्षांच्या पलीकडचं. शेंगवर्गीय झाडं पृथ्वीवर आली ती साधारण 6 कोटी वर्षांपूर्वी. म्हणजे बाभूळ, शिसू, करंज यांच्या मुळाशी या खडकाची गाठ आयुष्यात पहिल्यांदाच पडते. त्यात ना सेंद्रिय कर्ब, ना नत्र, ना या झाडांच्या मुळांत राहणारे जिवाणू.

ही शेवटची ‘ना’ महत्त्वाची. धुऱ्यावरच्या बाभळीला कोणी युरिया घालत नाही, तरी ती वाढते. तिच्या बारीक मुळांवर गाठी असतात. गाठीतले जिवाणू हवेतला नत्र झाडाला वापरता येईल अशा रूपात आणून देतात आणि झाड त्यांना साखर पुरवतं. ताजी गाठ नखाने फोडून बघा. आत गुलाबी-लाल रंग दिसला तर ती काम करते आहे. तो रंग लेगहिमोग्लोबिनचा, आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनचा हा नातेवाईकच. नत्र पकडणारं विकर ऑक्सिजनने निकामी होतं, म्हणून हा रेणू गाठीत मोकळा ऑक्सिजन अगदी कमी राखतो आणि जिवाणूंच्या श्वसनाला लागेल तेवढाच पुरवतो.

आता इतिहास. गाठींची चित्रं माल्पिगीने 17 व्या शतकातच काढली होती, पण त्या कशासाठी असतात हे पुढची दोनशे वर्षं कोणाला उमगलं नाही. 1838 मध्ये फ्रान्सच्या बूसँगोने क्लोव्हर आणि वाटाणा वाळूत वाढवले आणि मोजलं, तर झाडात नत्र वाढलेला. गव्हात मात्र नाही. मग 1850 च्या दशकात त्याने तोच प्रयोग जास्त काटेकोरपणे केला. माती भाजून घेतली, झाडं बंद काचपात्रात ठेवली. नत्र वाढला नाही. इंग्लंडमध्ये रोथॅमस्टेडला लॉज, गिल्बर्ट आणि अमेरिकेतून आलेला तरुण रसायनज्ञ इव्हान प्यू यांनी 1857 पासून त्याहून कडक काळजी घेतली. माती तापवलेली, हवा धुतलेली, पाणी शुद्ध. निकाल पुन्हा तोच, आणि 1861 मध्ये तो छापून आला. वनस्पती हवेतला मोकळा नत्र घेत नाहीत, हा विषय जवळपास मिटला.

इथे जरा थांबा. या लोकांचं मोजमाप चुकलं नव्हतं. आजही तुम्ही तापवलेल्या मातीत, बंद पात्रात वाटाणा लावलात तर तेच उत्तर येईल. त्यांनी अशुद्धता म्हणून जे जाळून टाकलं, त्यातच उत्तर होतं. पहिला, ढिसाळ प्रयोग खऱ्याच्या जास्त जवळ होता, ही मला या गोष्टीतली सगळ्यात अस्वस्थ करणारी बाजू वाटते. काटेकोरपणा वाईट असं मी म्हणत नाही हं! पण त्या वेळी जिवाणू हा घटक कोणाच्या यादीतच नव्हता, आणि जे यादीत नाही त्याचा कंट्रोल कोण लावणार?

कोंडी फुटली ती जर्मनीत, हेलरिगेल आणि विलफार्थ यांच्याकडे. नत्र नसलेल्या वाळूत ओट शिस्तीत वागत होते, जेवढं नायट्रेट तेवढी वाढ. वाटाण्याच्या कुंड्या मात्र वेडंवाकडं वागत. एक मरायची, शेजारची तरारून यायची. आपण अशा वेळी काय करतो? सरासरी काढतो, एरर बार लांबलचक होतो, आणि ‘व्हेरिएशन जास्त आहे’ म्हणून सोडून देतो. त्यांनी त्या विखुरण्याचंच कारण शोधलं. निर्जंतुक वाळूत शेतातल्या मातीचं थोडं पाणी घातलं की वाटाणा वाढतो आणि गाठी येतात. तेच पाणी उकळून घातलं तर येत नाहीत. 1886 मध्ये बर्लिनच्या सभेत त्यांनी हे सांगितलं. 1888 मध्ये बायेरिंकने डेल्फ्टमध्ये तो जिवाणू वेगळा करून वाढवला. 1889 मध्ये फ्रँकने ‘रायझोबियम’ हे नाव दिलं. भारतात बिहारमधल्या पुसाच्या संस्थेतून 1920 मध्ये एन. व्ही. जोशी यांनी या जिवाणूंवरचं काम छापलं. आज पेरणीआधी 10 किलो बियाण्याला 250 ग्रॅमचं पाकीट चोळतात, त्याची मुळं तिथे आहेत.

मग उमरेडचा ढिगारा म्हणजे काय? प्यूची तापवलेली कुंडी, फक्त डोंगराएवढी. तिथे शिसू लावला आणि वाढला नाही, तर ‘शिसू इथे चालत नाही’ असा निष्कर्ष काढायला आपण मोकळे असतो, आणि तो चूक असू शकतो.

हे ओळखून काम झालं ते नागपुरातच, नीरीमध्ये. डॉ. आशा जुवारकर आणि सहकाऱ्यांनी सावनेर तालुक्यातल्या गुमगावच्या मँगनीज खाणीच्या ढिगाऱ्यावर झाडांसोबत रायझोबियम, अॅझोटोबॅक्टर आणि मायकोरायझा बुरशी दिली. सेंद्रिय पदार्थ म्हणून साखर कारखान्यातलं प्रेसमड वापरलं. कोळसा खाणीच्या 10 हेक्टर ढिगाऱ्यावरचा त्यांचा अभ्यास 2008 मध्ये प्रसिद्ध झाला. तिथे हेक्टरी 50 टन सांडपाणी प्रकल्पाचा गाळ घातला होता. जे जिवाणू ढिगाऱ्यात जवळपास नव्हतेच, ते नंतर भरपूर मिळाले. पुनर्वसन म्हणून हे उत्तम. पण तुम्ही संशोधक म्हणून वाचताना विचारा: गाळ, जिवाणू आणि बुरशी एकत्र दिल्यावर कोणाचा वाटा किती? मातीत नत्र भरपूर असला की झाड गाठी कमी करतं, म्हणजे हे उपचार एकमेकांच्या आड येऊ शकतात. सगळी कॉम्बिनेशनं शेतावर लावणं महाग पडतं, हे मान्य. कुंडीत मात्र लावता येतात.

आणखी एक. शेंग दिसली म्हणजे गाठ असणारच, असं नाही. चिंच, बहावा, गुलमोहर शेंगवर्गीय असूनही गाठी करत नाहीत. वृक्षारोपणात सर्रास लावला जाणारा काशिदही नाही. त्यांना पाकीट चोळून काही उपयोग नाही. पण तुमच्या प्रयोगात ते फार कामाचे, कारण शिसूशेजारी काशिद ठेवला की नत्र नेमका कुठून आला हे पडताळता येतं. नैसर्गिक नत्र-15 च्या मोजणीत असंच तुलनेचं झाड लागतं.

करून बघायचं असेल तर परवानगीने ढिगाऱ्याची माती आणा. शिसूच्या कुंड्यांचे तीन गट करा: नुसती ढिगाऱ्याची माती, तीच माती आणि जुन्या शिसूखालच्या मातीचं पाणी, तीच माती आणि तेच पाणी उकळून. तिसरा गट सोडू नका, नाहीतर मातीच्या पाण्यातल्या खनिजांनी फरक पडला की जिवाणूंनी, हे सांगता येणार नाही. मोठ्या झाडाच्या गाठी बघायच्या तर ऑगस्टमध्ये जा. उन्हाळ्यात कोरड्या मातीत त्या बहुतेक गळून गेलेल्या असतात, आणि ‘गाठी नाहीत’ अशी नोंद करताना तारीखही लिहा.